‘सहारा’च्या दारातील निराधार

लखनौ शहराच्या उत्तरेस, अलीगंज ओलांडून पुढे गेले की जानकीपुरम ही विस्तीर्ण वसाहत लागते. लखनौ विकास प्राधिकरणाने आखलेल्या या भागात सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले कारकून, शिक्षक आणि त्यांच्या आधाराने शहरात आलेली खेड्यांतील मंडळी राहतात. याच जानकीपुरममध्ये ‘सहारा इस्टेट्स’ नावाची, कुंपणाच्या आत वसलेली आणि आपले वेगळेपण मिरवणारी निवासी वसाहत उभी आहे. तेथून काही किलोमीटरांवर, अलीगंजच्या कपूरथला संकुलात, त्याच ‘सहारा इंडिया’ समूहाचे मुख्यालय. ज्या पेन्शनरांनी, विधवांनी, फेरीवाल्यांनी आणि रिक्षावाल्यांनी आपल्या म्हातारपणाची शिदोरी या समूहाच्या पासबुकात ठेवली, त्यांना त्या नावाची पाटी येता-जाता वाचावी लागते. आधार असा अर्थ असलेला शब्द त्या पाटीवर आहे आणि पाटी वाचणारा निराधार आहे.

वृद्धांची आर्थिक फसवणूक हा विषय हल्ली वृत्तपत्रांतून रोज गाजतो. त्यावर जो उपदेश केला जातो तो ठरलेला असतो: वडीलधाऱ्यांनी लोभ धरू नये, अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नये, मुलांनी लक्ष ठेवावे. उपदेश खोटा नाही. पण तो अर्धवट आहे, आणि ज्या अर्ध्या भागाविषयी तो मौन पाळतो तोच भाग महत्त्वाचा आहे. जानकीपुरमच्या म्हाताऱ्याला लुटणारा माणूस अनोळखी नव्हता. तो त्याच्याच गल्लीतला बेकार पदवीधर होता, त्याच्या सुनेचा भाऊ होता, रोज संध्याकाळी चहाला येणारा शेजारी होता. आणि म्हाताऱ्याने जो ‘लोभ’ धरला तो एवढाच की, आजारपणात मुलांपुढे हात पसरावा लागू नये.

१९७८ साली गोरखपुरात सुब्रत रॉय यांनी ठेवी गोळा करण्याच्या या धंद्याला सुरुवात केली. त्याच वर्षी संसदेने बक्षीस-चिट आणि पैसा-फिरवणूक योजनांवर बंदी घालणारा कायदा केला होता, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. धंद्याची रीत साधी होती. ज्या माणसाकडे बँकेचा कारकून मान वर करून पाहत नाही, त्याच्या दारात रोज जायचे, दहा-वीस रुपये घ्यायचे, वहीवर सही करायची. राष्ट्रीयीकृत बँका ज्या गल्लीत पोहोचल्या नाहीत, किंवा पोहोचूनही परक्या राहिल्या, त्या गल्लीत सहाराचा एजंट पोहोचला. या एजंटाला समूहाने ‘कर्तव्ययोगी’ म्हटले, ठेवीदारांसह सर्वांना ‘परिवार’ म्हटले, आणि छातीवर हात ठेवून ‘सहारा प्रणाम’ करण्याची पद्धत पाडली. समूहाचे प्रमुख स्वतःस मालक म्हणवून घेत नसत. ते ‘मॅनेजिंग वर्कर’ होते, ‘मुख्य अभिभावक’ होते. भांडवलदाराने स्वतःला कामगार म्हणवून घ्यावे आणि कामगाराच्या बचतीवर बसावे, याहून कडवट विनोद या देशाच्या भांडवलशाहीने अद्याप केलेला नाही.

कायद्याच्या पातळीवर काय घडले ते आता न्यायालयाच्या कागदांवरच आहे. २००८ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने सहारा इंडिया फायनान्शियल कॉर्पोरेशनला नव्या ठेवी घेण्यास मनाई केली. पण एक दार बंद होण्यापूर्वीच दुसरे उघडण्याची तजवीज झालेली होती. समूहाच्या दोन कंपन्यांनी ‘ऐच्छिक पूर्ण परिवर्तनीय कर्जरोखे’ या भारदस्त नावाखाली तीन कोटींच्या आसपास लोकांकडून २४,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम गोळा केली, आणि वर हा ‘खासगी’ व्यवहार असल्याचा दावा केला. तीन कोटी माणसांमधला खासगी व्यवहार! सेबीने २०११ च्या जूनमध्ये त्याविरुद्ध आदेश दिला. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि सर्व रक्कम १५ टक्के व्याजासह परत करण्यास फर्मावले. ठेवीदारांची कागदपत्रे मागितली तेव्हा १२७ ट्रक भरून ३१ हजारांवर खोकी सेबीच्या दारात आणून ओतण्यात आली. पैसे न भरल्यामुळे २०१४ च्या मार्चमध्ये रॉय यांची रवानगी तिहार तुरुंगात झाली, २०१६ मध्ये ते पॅरोलवर सुटले आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. ठेवीदार मात्र जेथे होता तेथेच राहिला. न्यायालयाच्या आदेशानुसार सेबीच्या खात्यात व्याजासह २५,००० कोटींहून अधिक रक्कम जमा झाली, आणि दहा वर्षांच्या खटाटोपानंतर त्यातून ठेवीदारांपर्यंत पोहोचली ती १३८ कोटी रुपये. एवढी मोठी रक्कम घेण्यास दावेदार पुढे आले नाहीत, याचे दोन अर्थ संभवतात. एक तर कित्येक ठेवीदार कागदावरच होते, किंवा जे खरोखर होते त्यांच्यापर्यंत इंग्रजी जाहिराती आणि अर्जांचे नमुने पोहोचलेच नाहीत. दोन्हींपैकी कोणताही अर्थ घेतला तरी राज्ययंत्रणेस तो भूषणावह नाही.

एवढ्यावर प्रकरण थांबले नाही, हे विशेष. एकीकडे कर्जरोख्यांवर कारवाई चालू असता दुसरीकडे त्याच एजंटांनी, त्याच कचेऱ्यांतून, त्याच ठेवीदारांना सांगितले की तुमचा पैसा आता ‘सोसायटी’त ठेवू. सहारा क्रेडिट को-ऑपरेटिव्ह, सहारायन युनिव्हर्सल, हमारा इंडिया आणि स्टार्स मल्टिपर्पज या चार बहुराज्यीय संस्था २००२ च्या कायद्याखाली नोंदलेल्या. रिझर्व्ह बँक म्हणाली, सहकार आमच्या कक्षेत नाही. सेबी म्हणाली, सोसायटी आमच्या कक्षेत नाही. राज्यांचे सहकार निबंधक म्हणाले, बहुराज्यीय संस्था केंद्राच्या निबंधकाकडे. आणि केंद्राचा निबंधक दिल्लीत. मुदत संपलेल्या ठेवीची पावती घेऊन गेलेल्या सत्तरीच्या म्हाताऱ्याला रोख पैशाऐवजी नवी पावती देऊन परत पाठवण्याचा प्रकार कित्येक शाखांत घडला. ‘कन्व्हर्जन’ असे त्याचे नाव. म्हातारा घरी येऊन ती पावती पत्र्याच्या पेटीत ठेवी आणि समाधान मानी की रक्कम वाढली.

महाराष्ट्राने ही लखनौची गोष्ट म्हणून दुरून पाहण्याचे कारण नाही. सहाराच्या शाखा महाराष्ट्रातील तालुक्यांच्या गावीही होत्या. आणि या समूहाच्या वैभवाचे सर्वांत मोठे प्रदर्शन तर मुळशीच्या डोंगरात, लोणावळ्याजवळ उभे आहे. अँबी व्हॅली नावाची ती धनिकांची नगरी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जप्त करवली. ३७,३९२ कोटी रुपये आधारभूत किंमत ठरवून तिचा लिलाव पुकारण्यात आला, तेव्हा गिऱ्हाईक मिळाले नाही. मुंबईच्या विमानतळाशेजारचे सेंटॉर हॉटेल ही एअर इंडियाच्या उपकंपनीची, म्हणजे जनतेची मालमत्ता. वाजपेयी सरकारच्या निर्गुंतवणुकीत ते ८३ कोटींना एका खासगी उद्योगाला विकले गेले आणि काही महिन्यांतच ११५ कोटींना सहाराकडे गेले. आज तेथे ‘सहारा स्टार’ आहे. भारतीय क्रिकेट संघाच्या सदऱ्यावर बारा वर्षे याच समूहाचे नाव झळकले. ज्याचे नाव देशाच्या संघाच्या छातीवर आहे, ज्याच्या घरच्या लग्नाला सर्व पक्षांचे पुढारी आणि नट-नट्या रांगेने हजर राहतात, त्याच्या कंपनीवर गोरखपूरच्या किंवा जालन्याच्या म्हाताऱ्याने विश्वास ठेवला, तर त्याला भोळा म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

आणि बहुराज्यीय संस्थांच्या बाबतीत तर महाराष्ट्राला लखनौकडून शिकण्यासारखे काही उरलेलेच नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेचे दिवाळे २०१५ च्या सुमारास निघाले. ठेवीदारांचे हाल तेथे संपले नाहीत. संस्थेवर प्रशासन बसल्यानंतर गरजू ठेवीदारांच्या पावत्या पडत्या भावाने विकत घेऊन त्या बड्या कर्जदारांच्या कर्जात वळत्या केल्याच्या आरोपावरून २०२० मध्ये पोलिसांना पुन्हा गुन्हे नोंदवावे लागले. म्हणजे एकदा लुटलेल्या म्हाताऱ्याला औषधपाण्याची निकड होती, त्या निकडीचाही सौदा झाला. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखांना २०२३ मध्ये टाळी लागली तेव्हा मराठवाड्यातील ऊसतोड मजुरांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत सर्वांचे पैसे अडकले. मुंबईत पीएमसी बँकेवर २०१९ च्या सप्टेंबरमध्ये निर्बंध आले तेव्हा आरंभी खात्यातून काढता येणारी रक्कम १,००० रुपये होती. तेव्हा काही वृद्ध ठेवीदारांनी प्राण सोडल्याच्या बातम्या छापून आल्या. कायद्याच्या भाषेत ही सर्व प्रकरणे वेगवेगळी आहेत. जो रांगेत उभा राहतो तो मात्र सर्व रांगांत एकच आहे.

आता या जुन्या लुटीला नवी जोड मिळाली आहे. दूरध्वनीवर वर्दीतला माणूस दिसतो. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधार क्रमांकावरून काळा पैसा फिरला, तुम्हांला ‘डिजिटल अटक’ झाली आहे, असे तो सांगतो. खोलीचे दार लावून घ्या, मुलांना कळवू नका, चौकशी होईपर्यंत रक्कम ‘सरकारी’ खात्यात ठेवा. लखनौत, पुण्यात, मुंबईत, सर्वत्र हाच पाठ म्हटला जातो. या देशाच्या कोणत्याही कायद्यात अशी अटक नाही. २०२५ मध्ये अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याने सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून त्यांच्याकडून एक कोटीहून अधिक रक्कम उकळली होती. न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, सुमारे ३,००० कोटी रुपये अशा रीतीने लुबाडले गेल्याचे त्या सुनावणीत पुढे आले आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे सोपवण्यात आला. सर्व प्रकारच्या ऑनलाइन फसवणुकीत २०२४ या एका वर्षात नागरिकांनी सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले आहे.

हे नवे जाळे चालते कशावर? भीतीवर. आणि ही भीती चोरांनी निर्माण केलेली नाही. ज्या देशात पोलीस ठाण्याची पायरी चढताना प्रामाणिक माणसाचे पाय लटपटतात, ज्या देशात तपास यंत्रणा रात्री-अपरात्री कोणाच्याही दारावर थाप देतात आणि जामिनावाचून वर्षानुवर्षे माणसे कोंडली जातात, त्या देशातील सत्तर वर्षांची बाई पडद्यावरची वर्दी पाहून गर्भगळित झाली तर तिचा दोष काय? राज्यसत्तेने पेरलेल्या दहशतीचे पीक चोर कापून नेतात, एवढाच याचा अर्थ. शिवाय हा पैसा हवेत जात नाही. तो बँकांतील भाडोत्री खात्यांतून फिरतो. म्हाताऱ्याला स्वतःच्या पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, अंगठा उमटला नाही म्हणून परत जावे लागते. त्याच बँकेत बनावट कागदांवर खाते उघडते आणि एका दुपारी त्यातून लाखो रुपये वाहून जातात. ओळख पटवण्याची सक्ती कोणावर आणि सवलत कोणाला, हे यावरून दिसते.

वृद्ध माणूस या सापळ्यांकडे का ढकलला जातो, हा प्रश्न उपदेशकांना पडत नाही. २००४ च्या जानेवारीपासून केंद्राच्या आणि त्यानंतर उत्तर प्रदेश, महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांच्या नव्या कर्मचाऱ्यांची निश्चित पेन्शन काढून घेण्यात आली आणि त्यांचे म्हातारपण शेअर बाजाराला जोडण्यात आले. कारखान्यांत आयुष्य घालवलेल्या कामगाराला ईपीएस-९५ खाली मिळणाऱ्या किमान पेन्शनचा आकडा २०१४ मध्ये १,००० रुपये ठरवण्यात आला. दारिद्र्यरेषेखालील वृद्धासाठी राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शनमधील केंद्राचा वाटा महिना २०० रुपये, ऐंशीनंतर ५००. पोस्टाच्या अल्पबचतीची अवस्था पाहा. २०११ च्या डिसेंबरपासून भविष्य निर्वाह निधीच्या पोस्टातील खात्यांवरील एजंटांचे कमिशन बंद करण्यात आले आणि इतर प्रमाणपत्रांवरील कमिशन एक टक्क्यावरून अर्ध्यावर आणले गेले. अल्पबचतीची ही माणसे घरोघर जाऊन सरकारी तिजोरीत पैसा आणीत होती. त्यांचा कणा मोडला आणि तीच वाट खासगी ठेवीवाल्यांच्या एजंटांना मोकळी झाली. सरकारने म्हाताऱ्याच्या दारातून आपला माणूस काढून घेतला. मग तेथे जो येऊन बसला त्याबद्दल आश्चर्य कसले?

या एजंटांविषयीही दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. त्यांतील बहुतेक स्वतः बेकारीचे बळी आहेत. त्यांनी प्रथम आपल्या आई-बापांचे पैसे गुंतवले, मग सासऱ्यांचे, मग गल्लीचे. समूह कोसळला तेव्हा वरचे लोक वकिलांच्या फौजेमागे उभे राहिले आणि खालचा एजंट गावात तोंड दाखवेनासा झाला. ठेवीदारांच्या संघर्षात एजंटाला शत्रूच्या रांगेत उभे करणे म्हणजे खऱ्या गुन्हेगाराची सुटका करणे होय. त्याच्या वह्या आणि त्याची साक्ष ठेवीदारांच्या उपयोगाची आहे.

घरातील वडीलधाऱ्यांना वाचवण्याचे काम अर्थातच सरकार बदलेपर्यंत तहकूब ठेवता येणार नाही. पण ते काम रागावून होत नाही. फसवल्या गेलेल्या बापाला मुलगा जेव्हा ‘तुम्हांला अक्कल नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो पुढच्या फसवणुकीची तयारी करून ठेवतो, कारण पुढच्या वेळी बाप घरात सांगतच नाही, आणि चोराला हवे असते ते एवढेच. महिन्यातून एकदा आई-वडिलांबरोबर बसून पासबुके, पावत्या, विम्याचे कागद पाहावेत. पावती कोणत्या संस्थेची आहे, तिची नोंदणी कोणाकडे आहे, वारसाचे नाव लागले आहे काय, हे तपासावे. हयातीचा दाखला देण्याच्या नोव्हेंबर महिन्यात ‘पेन्शन बंद होईल’ असे सांगणारे फोन हमखास येतात. ते बँकेचे नसतात, हे आधीच सांगून ठेवावे. वर्दीतल्या माणसाने दार बंद करायला सांगितले की दार उघडून शेजाऱ्याला हाक मारायची, हा एक नियम सर्वांत उपयोगी. आणि पैसे गेलेच, तर लाजेने रात्र काढू नये. १९३० या क्रमांकावर पहिल्या तासात कळवले तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी ती जवळजवळ संपते. ज्या वृद्धांना मुले नाहीत, किंवा ज्यांची मुले परगावी आहेत, त्यांच्यासाठी हे काम कामगार संघटनांनी, पेन्शनरांच्या मंडळांनी आणि महिला संघटनांनी हाती घेतले पाहिजे. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी काउंटरवर घाबऱ्या चेहऱ्याने मुदतठेव मोडायला आलेल्या म्हाताऱ्याला दोन प्रश्न विचारण्याची रीत पाडली तर तेही मोठे काम होईल. मात्र कर्मचाऱ्यांची संख्या निम्मी करून हे घडणार नाही.

सहाराच्या ठेवीदारांचा प्रश्न तर अजून उघडाच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या मार्चमधील आदेशाने सेबीकडील रकमेतून ५,००० कोटी रुपये चार सोसायट्यांच्या ठेवीदारांसाठी केंद्रीय निबंधकाकडे देण्यात आले. त्या जुलैत केंद्रीय सहकारमंत्री अमित शहा यांनी मोठ्या समारंभाने पोर्टल सुरू केले आणि ४५ दिवसांत पैसे मिळतील असे जाहीर झाले. आरंभी देय रकमेची मर्यादा होती १०,००० रुपये. वर्षभराने ती ५०,००० झाली. आधारशी जोडलेला दूरध्वनी नाही, सभासद क्रमांक सापडत नाही, पावतीवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही, म्हणून अर्ज परत येतात. खेड्यातील म्हातारी नातवाचा किंवा दुकानदाराचा क्रमांक आपला म्हणून वापरत आली आहे; तिने हे कोठे जाऊन दुरुस्त करावे? बनावट पोर्टल काढून आणि ‘अर्ज भरून देतो’ म्हणून या ठेवीदारांना पुन्हा लुबाडण्याचा धोकाही आहेच. अर्ज भरण्यास शुल्क नाही, हे गावोगाव सांगितले पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबरात न्यायालयाने आणखी ५,००० कोटी मोकळे केले आणि वाटपाची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. त्यानंतर महिनाभराच्या आतच लखनौ महापालिकेने गोमतीनगरातील सहारा शहराचा भाडेपट्टा संपल्याने त्या जागेचा ताबा घेतला.

पैसा सेबीच्या खात्यात आहे, जमिनी डोळ्यांपुढे आहेत. उणीव आहे ती ठेवीदाराला शोधून काढण्याच्या इच्छेची. मतदार यादीसाठी घरोघर माणूस पाठवणारे सरकार या कामासाठी माणूस पाठवू शकत नाही काय? प्रत्येक तहसील कचेरीत आणि पोस्टात ठेवीदारांचे अर्ज कागदावर स्वीकारले जावेत. मृत ठेवीदारांच्या वारसांना न्यायालयात न फिरवता ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या दाखल्यावर रक्कम मिळावी. ५०,००० ची मर्यादा काढून साठ वर्षांवरील ठेवीदारांची संपूर्ण मुद्दल प्रथम द्यावी. बहुराज्यीय पतसंस्थांच्या ठेवींना बँकांप्रमाणे विम्याचे संरक्षण मिळावे आणि ज्या बँकेच्या भाडोत्री खात्यातून वृद्धाचा पैसा गेला त्या बँकेवर भरपाईची जबाबदारी टाकावी. या मागण्या घेऊन ठेवीदारांच्या समित्या जानकीपुरमपासून जालन्यापर्यंत उभ्या राहिल्या पाहिजेत, आणि त्या ३१ डिसेंबर २०२६ पूर्वी उभ्या राहिल्या पाहिजेत. पेटीतल्या पावत्यांचे कागद पिवळे पडत आहेत आणि त्यांवर ज्यांची नावे आहेत ती माणसे दर महिन्याला कमी होत आहेत.